मागच्या सीटचा दिवा

सिद्रामअण्णांच्या विमानाला इंजीन नव्हतं, पंखांवर कापड चढलेलं नव्हतं आणि चाकं एका मोडक्या हातगाडीची होती. पण दिवे मात्र सगळे लागत. डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा आणि शेपटीला पांढरा. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे पूर्वी हातमाग चालायचे, आता हे विमान उभं होतं. कुणी बघायला आलं की अण्णा त्याला भिंतीपाशी उभं करीत, स्वतः चपला काढून विमानात चढत आणि गंभीर चेहऱ्याने एकेक बटण दाबीत. पाहुणा हमखास विचारायचा, "पण हे उडणार कधी?"

"आदी दिवा," अण्णा म्हणायचे. "उडायचं काय, ते मागनं हुतंच की."

"आदी दिवा" हे त्यांचं पालुपद होतं. अण्णा कापडाच्या गिरणीत वायरमन होते आणि जगातल्या कुठल्याही कामाची सुरुवात वायरीपासून होते असं त्यांचं ठाम मत होतं. मी शाळामास्तर. बदली होऊन सोलापुरात आलो आणि त्यांच्या समोरची खोली भाड्याने घेतली, तेव्हा माझी ट्रंक खाली ठेवायच्या आत हे गृहस्थ न बोलावता आत आले. छताकडे बघितलं, लोंबणारी वायर बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "मास्तर, ही वायर तुमास्नी झोपेत जाळंल." असं म्हणून त्यांनी ती सगळी उपटून काढली आणि गिरणीच्या पाळीला निघून गेले. दोन दिवस मी कंदिलावर काढले. तिसऱ्या दिवशी येऊन त्यांनी इतकं नेटकं काम करून दिलं की रागवायची सोय राहिली नाही.

अशा माणसाच्या स्वतःच्या दाराची घंटा मात्र वाजत नसे. चौकटीवर काळं चकचकीत बटण होतं. ते दाबलं की आत काहीही ऐकू यायचं नाही. गल्लीला हा मोठाच विनोद वाटे. पहिल्यापहिल्यांदा लोकांनी बटण दाबून पाहिलं, आवाज येत नाही म्हणून तिथल्या तिथे नाद सोडला आणि सरळ कडी वाजवून हाका मारायला लागले. हाकांनाही उत्तर येत नसे, कारण अण्णा गिरणीत आणि घरात एकट्या गौरव्वावहिनी. त्या अण्णांच्या पत्नी. अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. हाक मारली तर मान वळवायच्या नाहीत. नळावर चार बायका बोलत असल्या तर त्या खाली बघून घागर भरायच्या आणि निघून जायच्या. बाई फार मानी आहे, असा गल्लीने निकाल देऊन टाकला होता. अण्णांच्या कानावर हे गेलं की ते एवढंच म्हणत, "आमची जरा इचारात असती."

आणखी एक गोष्ट सगळ्यांच्या करमणुकीची होती. बायकोशी काही बोलायचं झालं की अण्णा असतील तिथून उठून, चुलीला वळसा घालून, तिच्या अगदी समोर जाऊन उभे राहत आणि मग तोंड उघडत. साधं "चा टाक" म्हणायलासुद्धा. एरवी गिरणीत फोरमनला न जुमानणारा माणूस घरात बायकोपुढे हजेरी देतो, म्हणून त्यांची टिंगल व्हायची. अण्णा ती टिंगल ऐकून घेत आणि कानामागची पेन्सिल काढून काहीतरी खरडत बसत.

विमानाचं वेड त्यांना रद्दीतून लागलं. बाजारात कुणाकडे तरी इंग्रजी मासिकांचा गठ्ठा आला होता. त्यातल्या एकात घरच्या घरी बांधायच्या विमानाचे नकाशे होते. मी शाळेत इंग्रजी शिकवतो हे कळल्यावर ते मासिक घेऊन अण्णा रोज संध्याकाळी माझ्याकडे यायला लागले. मी वाचायचं, मराठीत सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. लाकडाचा भाग ते सुताराच्या सवडीने ऐकत, कापडाचा भाग गिरणीवाल्याच्या बेफिकिरीने ऐकत. पण वायरीचा उल्लेख आला की ताठ बसत.

एका संध्याकाळी मी वाचलं की विमानात दोघं एकामागे एक बसतात आणि इंजिनाचा आवाज इतका असतो की ओरडून बोललं तरी एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नाही. त्यासाठी मधून एक रबरी नळी घालावी, एकाने तिच्यात बोलावं, दुसऱ्याने कान लावावा.

"परत वाचा," अण्णा म्हणाले.

मी परत वाचलं.

"म्हंजे कुणाचंच कुणाला ऐकू येत न्हाय?"

"नाही."

"सायबाला बी न्हाय?"

"साहेबाला काय निराळे कान असतात का अण्णा?"

त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग मासिक तिथेच विसरून ते घरी गेले. त्या दिवसापासून विमानाचं काम जोराने सुरू झालं. तोवर नुसता छंद होता. आता गिरणीतून सुटले की अण्णा थेट शेडमध्ये जायचे.

त्यांचं काम बघत बसायला मला आवडायचं. मोटारीची जुनी बॅटरी सीटखाली, तिथून निघालेल्या वायरी लाकडी सांगाड्याच्या कडेकडेने, आणि वीतभर अंतरावर मेणाच्या दोऱ्याची गाठ. वायर कुठेही घासायची नाही, ताणायची नाही. प्रत्येक बटणाचा आकार वेगळा होता: एक गोल, एक चपटं, एक बाभळीच्या लाकडाचं खडबडीत. वर हात गारठले, डोळ्यांत वारा गेला, तरी बोटाला कळलं पाहिजे, असं ते सांगत. मी मान डोलवायचो. वाऱ्याने डोळे मिटायची पाळी या विमानावर कधी येईल असं मला वाटत नव्हतं.

नळी मात्र त्यांनी बसवली नाही. तिच्या जागी पुढच्या सीटसमोर एक लहान दिवा आणि एक बटण, मागच्या सीटसमोर तसाच दिवा आणि तसंच बटण. पुढचं बटण दाबलं की मागचा दिवा लागायचा आणि मागचं दाबलं की पुढचा. मी म्हटलं, "अण्णा, नकाशात नळी आहे."

"नळी नको," ते म्हणाले. "दिवा."

त्या हिवाळ्यात गिरणीमालकांकडे कुणी बडा पाहुणा विमानाने आला. गावाबाहेरच्या माळावर विमान उतरलं आणि निम्मं सोलापूर बघायला लोटलं. विमानाचं काही बिघडलं म्हणून त्याच्याबरोबरचे इंजिनीयर काही दिवस गावात राहिले. रुस्तमजी नावाचे पारशी गृहस्थ होते, उंच आणि शांत. मी माझं इंग्रजी परजलं आणि त्यांना शेडमध्ये घेऊन आलो. खरं सांगायचं तर ते हसतील अशी मला धास्ती होती.

ते हसले नाहीत. त्यांनी कोट काढून ठेवला, सांगाड्याखाली आडवे झाले, प्रत्येक सांध्यावर बोटाने ठोकून पाहिलं. मराठी त्यांना चांगलं येत होतं, माझ्या इंग्रजीची गरज पडली नाही. बाहेर आल्यावर हात झटकत म्हणाले, "काम चोख आहे. मुंबईला आमच्याकडे एक लहान इंजीन पडून आहे. ते मी तुला पाठवतो. कापड चढव. फेब्रुवारीत मी स्वतः येतो आणि तुला माळावरून उडायला शिकवतो."

अण्णांनी शेपटीवर हात ठेवला. एवढ्यात गौरव्वावहिनी चहा घेऊन आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

"एक गोष्ट," रुस्तमजी म्हणाले. "ही मागची सीट काढायची. इंजीन लहान आहे. एक माणूस उचलेल, दोन नाही."

अण्णांनी विमानाकडे पाहिलं. मग म्हणाले, "दिवे काढतो की साहेब. लाल, हिरवा, शेपटीचा, समदे काढतो. बॅटरी बी ल्हान बसवतो. मागची सीट आन् तिचा दिवा तेवढा ऱ्हाऊ द्या."

माझा कानांवर विश्वास बसेना. हा माणूस स्वतःच्या तोंडाने दिवे काढायला निघाला होता.

"दिव्यांचं वजन किती असतं रे बाबा," रुस्तमजी समजुतीने म्हणाले. "प्रश्न माणसाच्या वजनाचा आहे. दोघं बसलात तर माळाच्या टोकाला जाऊन आपटाल. ते पाप मी घेणार नाही."

वहिनी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होत्या. त्यांनी कपबशा खाली ठेवल्या आणि अण्णांना कानडीत काहीतरी सांगितलं. अण्णांनी नाही म्हणून मान हलवली.

"मग इंजीन नको, साहेब," ते म्हणाले. "चा घ्या."

रुस्तमजींनी चहा घेतला, अण्णांशी हात मिळवला आणि गेले. दोन दिवसांनी त्यांचं विमान माळावरून उडालं. सगळं गाव टाचा उंचावून बघत होतं. अण्णा पाळीवर होते.

मला त्यांचा भयंकर राग आला होता. दारात आलेलं इंजीन एका सीटपायी परत पाठवणाऱ्याला काय म्हणावं? चार समजुतीचे शब्द ऐकवायचे म्हणून मी एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. रिवाजाप्रमाणे कडी वाजवली, हाक मारली. कुणी आलं नाही. मग घराला वळसा घालून शेडकडे गेलो.

शेडचं दार अर्धं उघडं होतं. मागच्या सीटवर वहिनी बसल्या होत्या. वारा लागू नये म्हणून बांधावा तसा पदर त्यांनी कानांवरून घेऊन हनुवटीखाली घट्ट बांधला होता. पुढे अण्णा बसले होते, त्यांच्याकडे पाठ करून, समोरच्या पत्र्याच्या भिंतीकडे बघत. मी वहिनींच्या मागे हातभर अंतरावर होतो. "वहिनी," मी म्हटलं. त्या हलल्या नाहीत. मी आणखी मोठ्याने म्हटलं, "वहिनी!" तरी मान वळली नाही. त्यांच्या समोरचा लहान दिवा लागला, तशा त्या हसल्या आणि त्यांनी आपलं बटण दाबलं. पुढे अण्णांच्या समोरचा दिवा लागला.

अण्णांनी मात्र माझी हाक ऐकली होती. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि मला काय कळलं ते त्यांना कळलं. ते खाली उतरले, चपला घातल्या आणि मला अंगणात घेऊन गेले.

"गिरणीत मागाच्या खात्यात हुती ती," ते हलक्या आवाजात म्हणाले. इतक्या हलक्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तितल्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत न्हाय, मास्तर. समदे हातानं, तोंडानं खुणा करून बोलत्यात. मी तितं वायर दुरुस्त कराया जायचो, तवा आमची वळख झाली. लई बोलायची तवा. बोटं नुसती नाचायची. मग हळूहळू कान गेलं, तसं तिनं काम सोडलं. भाईर आली आन् गप झाली. तोंड दिसलं तर तिला बोललेलं कळतं, पाठीमागनं न्हाय."

"पण अण्णा, गल्लीत लोक त्यांना गर्विष्ठ म्हणतात. सांगून का टाकत नाही?"

"तीच म्हनती, म्हनू द्या गर्विष्ठ. भैरी म्हटलं की लोक हसत्यात." त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "तुमी ते वाचलं न्हवं, इमानात कुणाचंच कुणाला ऐकू येत न्हाय? सायबाला बी न्हाय. मला वाटलं, तितं समदे तिच्यासारखेच की. तितं ती परत बोलंल."

मी विचारलं, "साहेब आले त्या दिवशी वहिनी कानडीत काय म्हणाल्या?"

"तुमी येकटं जावा, म्हनली. मी खालनं बगती." अण्णांनी शेडकडे पाहिलं. "येकटं वर जाऊन काय करू मास्तर? ती हितंच ऱ्हानार, लोकांत उभी."

शेडमध्ये वहिनी अजून सीटवर बसल्या होत्या. त्यांनी बटण दाबलं असावं, कारण पुढच्या रिकाम्या सीटसमोरचा दिवा लागला, विझला आणि पुन्हा लागला. अण्णा लगबगीने वळले.

"त्या दिव्यांनी तुम्ही काय बोलता?" मी विचारलं.

"मी दाबलं की, 'हायेस न्हवं?' तिनं दाबलं की, 'हाय.'" ते चपला काढता काढता म्हणाले. "आनकी काय बोलायचं असतंय?"

मुंबईहून इंजीन कधी आलं नाही. पंखांवर कापड मात्र अण्णांनी चढवलं, गिरणीतलं जाड मांजरपाट, आणि मागच्या सीटवर एक चादर घडी करून घातली. मी गल्लीत कुणाला काही सांगितलं नाही. वहिनींची तशी इच्छा होती.

शेडमधल्या त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी त्यांच्या दारापाशी गेलो आणि कडीला हात न लावता चौकटीवरचं काळं बटण दाबलं. आत काही वाजलं नाही. मी हाक मारली नाही, नुसता उभा राहिलो. ओट्यावर बसलेले दोघंतिघं माझ्याकडे बघून हसले. थोड्या वेळाने आतून पावलं वाजली आणि वहिनींनी दार उघडलं. हात पिठाचे होते. त्यांच्या मागे, चुलीवरच्या भिंतीला, विमानातल्यासारखाच एक लहान दिवा होता. त्यांनी बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्यांच्या अगदी समोर जाऊन उभा राहिलो आणि तोंड नीट उघडून म्हणालो, "वहिनी, अण्णा आहेत का?"

"हायेत की," त्या म्हणाल्या, आणि दारातून बाजूला झाल्या.