श्रीकार आणि कंपायलर

"सर, तुम्ही स्वतः बनवलेला एखादा प्रोग्रॅम दाखवता का?"

अख्खी दहावी वळून बघायला लागली. प्रश्न राजनंदिनीचा, पण पैज आरोही आणि विजयमालाची. "इचारून दाखव, मग म्हणू तुला वाघीण," असं त्यांनी मधल्या सुट्टीत डिवचलं होतं. आता दोघी पुस्तकात तोंड खुपसून बसल्या होत्या, जणू राजनंदिनी त्यांची कुणी लागतच नव्हती.

कॉम्प्युटरचे तांदळे सर खाकरले. "तूच दाखव की. हजेरीचा प्रोग्रॅम कर. शनिवारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर डबल क्लिक केलं की उघडला पाहिजे. जमलं तर दर शनिवारी लॅब तुम्हा मुलींची. न जमलं तर असले प्रश्न बंद."

त्या लॅबमध्ये मुलींच्या वाट्याला आजवर फक्त माउसची वायर धरायचं काम आलं होतं. राजनंदिनी म्हणाली, "जमलंच म्हणून समजा!"

युसूफ वडगाव या आपल्या गावी, घरी येऊन तिनं ताईचा जुना लॅपटॉप उघडला. आबा, म्हणजे तिचे आजोबा बबनराव, शेजारीच टेकले. "आधी श्रीकार काढ. वही असो का ट्रॅक्टर, आपल्यात श्री काढल्याबिगर काम सुरू होत न्हाई."

तिनं फोल्डरला नाव दिलं, '॥ श्री ॥ हजेरी'. दोन दिवसांत पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम सुतासारखा सरळ चालायला लागला. पण शाळेच्या ऑफिसात पायथनच नव्हतं. तिथं चालायचं तर कंपायलरकडून त्याची डबल क्लिकवर उघडणारी आयती फाईल करून घ्यावी लागणार होती.

पहिला एरर आला, कंपायलर सापडत नाही. तो उतरवताना आबांच्या मोबाईलचं दिवसाचं नेट संपलं.

"अगं, बाजारभाव बघायचे व्हते मला!"

"आबा, बाजार उद्याबी हाय. शनिवार एकच हाय."

कंपायलर आला आणि म्हणाला, फाईल सापडत नाही. फाईल तर डोळ्यांसमोर! तिनं नाव तपासलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, कंपायलर काढून पुन्हा टाकला. फाईल सापडत नाही. शुक्रवारी संध्याकाळी ती रडकुंडीला आली, तेव्हा आई भाकरी थापता थापता उठून आली आणि पिठाच्या बोटानं पडदा दाखवत म्हणाली, "एवढे प्रश्न कुणाला पडलेत गं?"

एररमध्ये फोल्डरच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. राजनंदिनी ताडकन उठली. "आई! ह्याला श्री वाचताच येत न्हाई!"

"श्री वाचता येत न्हाई?" आबा ओट्यावरून गरजले. "मग ते शिकलेलं कसलं?"

"नाव बदलावं लागंल, आबा."

"श्री पुसायचा? आमच्या सात पिढ्यांत कुणी पुसला न्हाई!"

आबांपुढं कंपायलर परवडला. राजनंदिनीनं क्षणभर विचार केला. "पुसत न्हाई. श्री हाय तिथंच राहू द्या. मी कामापुरतं शेजारच्या खोलीत बिऱ्हाड करते." तिनं इंग्रजी अक्षरांत 'hajeri' असा नवा फोल्डर केला, फाईलची नक्कल त्यात टाकली आणि कंपायलर सोडला. आबा आत येऊन मान वळवून बसले, तरी एक डोळा पडद्यावर होताच. दहा मिनिटांनी पडद्यावर एकही एरर नव्हता.

"झालं!" ती अशी ओरडली, की दावणीची म्हैस उभी राहिली.

शनिवारी ऑफिसात मुख्याध्यापकांसमोर तिनं डबल क्लिक केलं. खिडकी उघडली, वर्गातल्या सगळ्यांची नावं ओळीनं हजर! 'फाईल सापडत नाही' म्हणून कंपायलरनं कसं छळलं, तेही तिनं सांगितलं. आरोही-विजयमाला दारातून टाळ्या पिटत होत्या, आता मात्र सख्ख्या मैत्रिणी. सरांनी लॅबची किल्ली दिली आणि तिला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"ते... फाईल सापडत नाही म्हणायचं, ते कसं घालवलंस गं?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "निकालाच्या प्रोग्रॅमला मला दोन महिने तेच येतंय. म्हणून तर त्या दिवशी दाखवला नाही."

घरी येऊन राजनंदिनी ताठ उभी राहिली. "आबा, आई, ऐका. सोमवारपासून मी तासभर उशिरा येणार. शिकवणी हाय."

आबा खूश झाले. "तांदळे सरांची लावली? लई बेस!"

"लावली न्हाई, आबा. सरांची शिकवणी मी घेणार हाय!"