दारातला कोहळा

दारात टांगलेला तो कोहळा मुग्धाला पहिल्या दिवसापासून खटकत होता. सर्जापूर रोडवरच्या या सातव्या मजल्यावर सामान उतरलं त्याच दिवशी शेजारच्या कावेरीअक्कांनी तो बांधला होता. "दृष्ट लागत नाही मा," एवढंच त्या म्हणाल्या. अक्कांचं मराठी घराणं तीनशे वर्षं इथल्या कानडी मुलखातलंच, त्यांच्याशी वाद कोण घालणार? पण मुग्धाने फिजिक्समध्ये एमएस्सी केली होती, आणि दारावर भाजी टांगल्याची तिला लाज वाटे.

आज मात्र तो कामाला येणार होता. पुण्याहून आल्यापासून चार महिन्यांत नोकरीची ही पहिलीच संधी होती. शाळेला ऑनलाइन नमुना पाठ द्यायचा होता, स्थितिज आणि गतिज ऊर्जेवर. तिने दोरी हातभर वाढवली, दार सताड उघडलं, लॅपटॉप मागच्या स्टुलावर ठेवला. पडद्यावर मुख्याध्यापिका हर्षिता मॅडम आणि दोन शिक्षक बसले होते.

"कोहळा मी नाकापर्यंत ओढला. उंची मिळाली, म्हणजे स्थितिज ऊर्जा साठली. सोडला की तिची गतिज ऊर्जा होईल. पण परत येताना तो निघाला त्याहून वर चढणार नाही. जास्तीची ऊर्जा आणणार कुठून? म्हणून मी इथेच उभी राहते. डोळे मिटून."

कोहळा सुटला आणि डौलात दाराबाहेर गेला.

नेमक्या त्याच क्षणी कावेरीअक्का कोसंबरीची, म्हणजे डाळ-काकडीच्या कोशिंबिरीची, वाटी घेऊन येत होत्या. अंगावर कोहळा आल्यावर कुणीही करेल तेच त्यांनी केलं. मोकळ्या हाताने त्याला जोरात ढकललं.

"अय्यो, हे काय मा?"

मुग्धाने डोळे उघडले. विज्ञानावरचा तिचा विश्वास अढळ होता, पण गुडघे आपोआप वाकले. कोहळा डोक्यावरून गेला, दोरी हुकातून निसटली, आणि तो स्टुलाच्या पायाशी असा फुटला की पडद्यावरच्या तिघांनी खुर्च्या मागे घेतल्या.

मुग्धाच्या केसांत बिया होत्या.

"म्हणजे नियम चुकला?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. बाहेरून ऊर्जा मिळाली. ती दारात उभी आहे."

अक्कांनी वाटी सांभाळत कॅमेऱ्याला नमस्कार केला.

कॉल संपल्यावर मुग्धा फरशीवरच बसली. "गेली नोकरी."

"फुटला ते सरी झालं, बरंच झालं," अक्का म्हणाल्या. "कुणाची तरी दृष्ट होती, ती गेली."

"अक्का, तुम्ही ढकललंत त्याला."

"मग? न ढकलता कसा फुटणार?"

मुग्धा केसांतल्या बिया वेचू लागली.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. सोमवारपासून सातवीचा वर्ग. पहिल्या दिवशी हाच प्रयोग हवा, बाहेरच्या ऊर्जेसकट.

दुसऱ्या दिवशी मुग्धा बाजारातून दोन कोहळे घेऊन आली.

"दोन कशाला?" नवऱ्याने, सुमंतने विचारलं.

"एक वर्गात."

"आणि दुसरा?"

मुग्धा स्टुलावर चढली, दाराच्या हुकात दोरी ओवली.

"थोडी स्थितिज ऊर्जा साठवून ठेवते," ती म्हणाली, आणि गाठ दोनदा तपासली.