गीझर वापराबाबत एक तातडीचा शोधनिबंध

नियम साधा होता: एक शोधनिबंध छापून आल्याखेरीज प्रबंध स्वीकारला जाणार नाही. मुंगीताईंची नोंदणी महिनाअखेर रद्द होणार होती. सहा वर्षं त्या मुंग्यांच्या रांगांमागे ओणव्या होऊन फिरल्या होत्या. म्हणूनच हे नाव पडलं. सगळं मातीत जाणार या धास्तीने त्यांना जेवण गोड लागेना.

"अगं, पैसे भर आणि मोकळी हो," त्यांचे मार्गदर्शक सर म्हणाले. "माझं नाव घाल. पहिलं."

'शीघ्र शोध प्रकाशन सेवा' शिवणक्लासच्या शेजारी होती. तिथल्या सल्लागारांनी विषय विचारला नाही. साधं की तातडीचं, एवढंच विचारलं.

"तातडीचं," ताई म्हणाल्या.

"मग तज्ज्ञ परीक्षण परवा अकराला होईल. निबंध तेवढा पाठवा."

संगणकावर 'अंतिम', 'अंतिम-खरं' आणि 'अंतिम-आता-पुरे' अशा तीन फायली होत्या. घाईघाईत तिसरी गेली. ती वसतिगृहाची सूचना होती: आंघोळ झाल्यावर गीझर बंद करावा. ताई गीझर समितीच्या प्रमुख होत्या ना!

परवा अकराला अभिप्राय आले. पहिले तज्ज्ञ म्हणाले, बंद करण्याची संकल्पना मौलिक आहे. दुसरे म्हणाले, माझे चार निबंध संदर्भात घाला. घातले, निबंध छापून आला.

"दादा, चूक झाली हो! मागे घ्या," ताई सल्लागारांपुढे रडकुंडीला आल्या.

"घेऊ की. त्याला आठ महिने लागतात."

तिकडे विद्यापीठाचं पत्र आलं. प्रबंध मुंग्यांवर, निबंध गीझरवर. विसंगती दूर करावी. छापलेला निबंध बदलता येत नाही, सबब प्रबंध बदलावा. आता बोला! ताईंनी डोळे पुसले आणि मुंगी दिसेल तिथे गीझर घातला. राणी गीझर वारुळाबाहेर पडत नाही. साखर सांडली की गीझर रांगेने येतात.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा पुसून विचारलं, "पावसाळ्यात हे गीझर अंडी कुठे हलवतात?"

"उंचावर, सर."

"शाब्बास!"

एकदाचं गंगेत घोडं न्हालं. वसतिगृहात मात्र सूचना लावता आली नाही, हक्क प्रकाशकाकडे गेले होते. गीझर दिवसभर चालूच.

हसताय? हसा. पण तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे त्या दोन्ही तज्ज्ञांपेक्षा जास्तच वाचलंत. तेव्हा या कथेचे तज्ज्ञ परीक्षक म्हणून तुमचंच नाव घातलं आहे. अभिप्रायही लिहून टाकलाय: उत्तम. काढायचं असेल तर आठ महिने लागतील.