साडूने लावलेली पाळत

दुकानात त्यांना सगळे काचवाले म्हणत. चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे ते स्वतःच सांगत असल्यामुळे दुसऱ्यांना सांगायची वेळ कधी आली नाही. अशा माणसाच्या सासूबाई रोज संध्याकाळी सात वाजता मालिका बघायला जायच्या त्या धाकट्या जावयाकडे. वास्तविक काचवाल्यांचं घर त्यांना चाळीस पावलं जवळ होतं. काचवाल्यांनी मोजली होती.

धाकटा जावई, म्हणजे काचवाल्यांचा साडू, लिफ्ट दुरुस्त करायचा. कमी बोलणारा, कामाला वाघ, कुणाच्याही अडचणीला धावून जाणारा. एकूण काय, डोळ्यांत खुपावा असाच माणूस. काचवाल्यांनी इंटरनेटच्या तारेतून येणारा टीव्ही घेतला, तेव्हा राउटरसुद्धा त्यानेच बसवून दिला होता. जाताना चहाही घेतला नाही. ते चहा न घेणं काचवाल्यांना अजून सलत होतं.

त्यांनी दाराएवढा टीव्ही आणला. सासूबाई येऊन बघून गेल्या, छान आहे म्हणाल्या आणि सात वाजता धाकट्याकडे गेल्या. तेव्हा काचवाल्यांची खात्रीच पटली, की साडूकडे चित्र जास्त स्वच्छ येतं आणि आपला राउटर त्याने मुद्दाम अर्धवट बसवून दिलाय. मग एका रविवारी त्यांनी बायकोला सांगून टाकलं, की ज्याने हजारो लोकांना स्पष्ट दाखवलं, त्याला एक डबी काय जड आहे. आज मी तिच्या आत शिरतो.

बायको आतल्या खोलीतून इंटरनेटवर भरतकाम शिकवायची. सुईत दोरा ओवता ओवता ती एवढंच म्हणाली, "चालू असलेल्या गोष्टीला हात लावू नका."

काचवाल्यांनी कॉम्प्युटरवर राउटरचं पान उघडलं. टीव्हीचे चॅनेल घरात पोचवणारा मल्टिकास्ट नावाचा जो भाग होता, त्यात एका चौकोनात बरोबरची खूण होती आणि पुढे लिहिलं होतं, ‘स्नूपिंग’. त्यांनी फोनला अर्थ विचारला. फोन म्हणाला : चोरून पाहणे, पाळत ठेवणे, नको तिथे नाक खुपसणे.

काचवाले खुर्चीत मागे टेकले. म्हणजे हा प्रकार होता. आपण नवा पलंग घेतल्याचं साडूला दुसऱ्याच दिवशी कसं कळलं, याचं त्यांना तेव्हाच नवल वाटलं होतं. बायको रोज बहिणीशी तासभर फोनवर बोलते, ही गोष्ट काही त्यांच्या मनात आली नाही. त्यांनी खूण काढून टाकली, टीव्ही लावला, आणि चित्र पहिल्यापेक्षा कितीतरी उजळलंय असं स्वतःला बजावलं. चित्र होतं तसंच होतं.

त्या दिवसापासून टीव्ही सकाळ-संध्याकाळ चालू राहिला आणि बायकोचा वर्ग मधेच अडकायला लागला. तोंड उघडं, सुई हवेत, अशी ती पडद्यावर गोठायची. पलीकडे अकरा बायका आपापल्या सुया हवेत धरून बसायच्या. टीव्ही लावला की असं होतं, हे तिने दोनदा सांगून पाहिलं. काचवाल्यांनी तिला समजावलं, की हे सगळं तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचं काम आहे. पाळत तुटल्यामुळे तो बाहेरून धक्के मारतोय. बायकोने बुडालेला वर्ग शनिवारी संध्याकाळी ठेवला.

नेमका त्याच शनिवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. काचवाल्यांनी सासूबाईंना गळ घातली, की शेवट तरी मोठ्या जावयाकडे बघा. सासूबाई हो म्हणाल्या. साडू त्यांना स्कूटरवरून आणून सोडणार होता.

पावणेसातला काचवाल्यांनी उशी नीट केली, टीव्हीचा आवाज वाढवला आणि दाराच्या बेलकडे कान लावून बसले. बेलही त्यांनी वायरलेस घेतली होती, कॅमेऱ्याची. सात वाजले. बेल वाजली नाही. सातला पाच मिनिटं झाली. मालिकेतली सून कोर्टात उभी राहिली, तरी सासूबाईंचा पत्ता नाही. काचवाल्यांचं डोकं फिरलं. साडूने त्यांना स्वतःकडेच बसवून घेतलं होतं, दुसरं काय! त्यांनी साडूला एकामागून एक चार मेसेज लिहिले आणि पाठवले.

सव्वासातला वर्ग पुन्हा गोठला म्हणून बायको चिडून बाहेर आली. तिला दारावरची थाप ऐकू आली. दार उघडलं तर बाहेर सासूबाई पायरीवर बसलेल्या, आणि साडू बेल दाबून दाबून लाल झालेलं बोट चोळत उभा. पंधरा मिनिटं ते दोघं आतून येणारा मालिकेचा आवाज ऐकत होते.

"ह्यांनी राउटरमधलं काहीतरी काढलंय," ते दोघं आत येताच बायकोने सांगून टाकलं. "म्हणे तुम्ही पाळत ठेवता."

साडू हसला नाही, हेही काचवाल्यांना लागलं. त्याने राउटरचं पान बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "दादा, पाळत तुमच्यावर नाही. कुठल्या यंत्राने चॅनेल मागितलंय, तेवढं राउटर बघतो आणि फक्त त्यालाच देतो. तुम्ही त्याचे डोळे झाकलेत. आता तो घरातल्या प्रत्येक यंत्राला मालिका पाठवतोय. बेललासुद्धा. त्या गर्दीत बाकी सगळं अडकून पडलंय."

त्याने चौकोनात खूण पुन्हा केली. त्याबरोबर बेल सलग नऊ वेळा वाजली. आतल्या खोलीत अकरा बायका एकदम बोलायला लागल्या, तशी बायको तिकडे धावली. आणि साडूच्या खिशातला फोन टुणटुणला. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा.

त्याने फोन काढला आणि वाचत गेला. काचवाल्यांना त्यात काय आहे ते तोंडपाठ होतं : सासूबाईंना सोडा. तुमची पाळत मी उखडली आहे. माझा टीव्ही मोठा आहे. मोठा जावई मी आहे.

"कुणाचे एवढे मेसेज?" सासूबाईंनी विचारलं.

"कामाचे आहेत," साडू म्हणाला. "लिफ्ट अडकलीय कुठेतरी." त्याने फोन खिशात ठेवला आणि निरोप घेऊन गेला.

काचवाल्यांना भुईत गडप व्हावंसं वाटलं. माणसाने इतकंही चांगलं असू नये.

शेवटची दहा मिनिटं उरली होती. पलंगाच्या कडेवर टेकून त्यांनी धीर केला. "सासूबाई, खरं सांगा. तिकडचं चित्र जास्त स्वच्छ आहे का?"

"चित्र?" सासूबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "त्यांचा टीव्ही एवढासा आहे, रंगही धड नाहीत. पण मालिका चालू असताना ते बोलत नाहीत."

"पण मी तरी कुठे..."

सासूबाईंनी हात वर केला. काचवाले गप्प बसले. सुनेने कोर्टात नेमकं काय सांगितलं, ते दोघांनाही कळलं नाही.