तीन टनांच्या खाली बोलायचं नाही!

क्रेनबद्दल केवलरामांना चार गोष्टी शिकवील असा माणूस भिलाईत अजून जन्मला नव्हता. हे मत अर्थातच केवलरामांचं! प्लांटमध्ये एकतीस वर्षं त्यांनी एकशे वीस टनी क्रेन चालवली होती, आणि कॅम्प-एक वस्तीत निवृत्तांची इज्जत अजून क्रेनच्या टनांवरच ठरते. चहा आला की पहिला कप केवलरामांचा. पन्नास टनीवाला विष्णू त्यांचा जिगरी दोस्त, पण केवलरामांनी कप उचलल्याशिवाय तोही हात पुढे करत नसे.

कुरुदकडे त्यांचं छोटंसं वर्कशॉप होतं. नाव केवलरामांचं, कारभार सून दामिनीचा, आणि कंबर शालिकरामची! चाळीस किलोचं कास्टिंग जमिनीवरून उचलून ड्रिल मशीनवर ठेवायचं, भोकं पाडून झाली की पुन्हा खाली उतरवायचं. हे दिवसभर. बारा वर्षांत कंबरेने हात टेकले होते.

"विश्वकर्मा पूजेपर्यंत पायतो, ताई," शालिकरामने सांगून टाकलं होतं. "मंग मी दुसरीकडं जातो."

त्याच्याइतकी सरळ भोकं पाडणारा दुसरा माणूस नव्हता. शालिकराम गेला की काम गेलं! दामिनीने जिब क्रेनचं मनावर घेतलं. एक खांब, त्याला आडवी फिरणारी भुजा, भुजेला हुक. कास्टिंग अडकवायचं, हाताने भुजा फिरवायची, झालं.

क्रेन विकणाऱ्या कंपनीचा पोरगा टाय लावून आला. "अंकल, वजन कितना?"

"चालीस किलो," दामिनी म्हणाली.

"और दिन में कितनी बार?"

केवलराम उखडले. "कितनी बार से क्या मतलब? सबसे बड़ी कौनसी है?"

"तीन टन. पर आपको सवा सौ किलो वाली चाहिए. एक उंगली से घूमती है."

"उंगली से? पालना है क्या?"

"मामाजी," दामिनी सासऱ्यांना हळूच म्हणाली, "ढकलाची तं हातानंच आहे. भुजा जड राहिली तं..."

"सव्वाशे किलो! विष्णूले काय तोंड दाखवू मी? तीन टनांच्या खाली बोलायचं नाही!"

केवलरामांची क्रेन विजेवर धावत असे आणि ते वर केबिनमध्ये बसून खटके दाबत. क्रेन ढकलायची वेळ त्यांच्यावर उभ्या जन्मात आली नव्हती. पण एवढ्या बारीक गोष्टीत लक्ष घालतील तर ते केवलराम कसले!

तीन टनीच आली. तिचा खांब उभा करताना दामिनीने ओळंबा आणला. केवलरामांनी तो परत पाठवला. एक डोळा मिटून खांबाकडे पाहिलं आणि निकाल दिला, "सरळ!"

विश्वकर्मा पूजेचा दिवस उजाडला. मशिनींना हार, देवापुढे बुंदीची परात, आणि पहिल्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्चीत रुतलेला विष्णू.

"भाऊ, आज मशीनले सुट्टी रायते," शालिकराम म्हणाला.

"एकच फेरा. देवाले दाखवाले!"

हार घातलेलं कास्टिंग हुकाला लागलं, वर गेलं. टाळ्या! शालिकरामने भुजा ढकलली. हलली नाही. दुसरा आला. तिसरा आला. शेवटी स्वतः केवलराम लागले, तेव्हा कुठे ती हलली.

आणि मग थांबेचना! धावत आली असती तर लोक ओरडून पळाले तरी असते. ती आली बैलगाडीच्या चालीने. बायकांनी बुंदीची परात सावकाश उचलली. महाराजांनी पोथी आवरली. दोघांनी मिळून देवालाही हलवलं. राहिला फक्त विष्णू. त्याच्या गुडघ्यांना एवढ्या थोड्या वेळात उठणं जमणारं नव्हतं.

"केवल, बिरेक मार!"

"याले बिरेक नसते बे!" केवलराम ओरडले. साखळीला लोंबकळत, चपला घासत ते मागून येत होते. एक चप्पल तर वाटेतच राहिली!

कास्टिंग हारासकट विष्णूच्या पोटाला लागलं आणि त्याला खुर्चीसकट भिंतीपर्यंत सरकवत गेलं. तिथे थांबलं. एवढ्या अदबीने कोणाला आजवर चेपलं गेलं नसेल.

"देव कोपला," केवलराम धापा टाकत म्हणाले. "आज मशीन चालवली ना."

दामिनीने खांबाला ओळंबा लावला. "देव नाही, मामाजी. खांब दोन बोटं झुकून आहे."

शालिकरामने सवयीने कास्टिंग हातांनीच सोडवून खाली ठेवलं, कंबर धरली आणि जेवणाचा डबा उचलून निघाला. दामिनीने हाता-पाया पडून आठ दिवस मागून घेतले.

आठ दिवसांत सव्वाशे किलोवाली आली. ओळंब्यात उभी राहिली. शालिकरामने एक बोट लावलं आणि भुजा फिरली, जिथे हवी तिथे थांबली. तो पहिल्यांदा हसला आणि डबा खुंटीला लावला.

केवलरामांचं मात्र जेवणावरून मन उडालं. "सव्वाशे किलो! कॅम्पात काय सांगू?"

दामिनीने खडू घेतला. "मामाजी, चाळीस किलो, दिवसातून अडीचशे वेळा. किती झाले?"

"दहा हजार किलो."

"म्हणजे टन किती?"

केवलरामांची मिशी हळूहळू वर आली. संध्याकाळी ते विष्णूला ओढतच घेऊन आले. "पायून घे! दहा टनी! एका बोटावर!" मधला 'दिवसाचे' हा शब्द त्यांनी गिळून टाकला.

ड्रिल थांबलं. "दहा टन, भाऊ?" शालिकरामने विचारलं.

"दहा! कावून?"

"मंग बारा वर्षं इथं दहा टनी मीच होतो ना." तो अजिबात चढ्या आवाजात बोलला नाही. "तुमच्या केबिनीत तं पंखा बी होता."

तेवढ्यात चहा आला. विष्णूने पहिला कप उचलला आणि शालिकरामच्या हातात दिला. दुसरा स्वतः घेतला.

केवलरामांच्या वाट्याला तिसरा आला. तोही निवलेला!