बागूल सरांचं स्पॅनिश

शेजारच्या बागूल सरांकडे दूध घालायचं तर आधी स्पॅनिश बोलावं लागतं. दूधवाला दारात आला की सर पातेलं पाठीमागे लपवतात आणि विचारतात, "आय सी हिम?" दूधवाला म्हणतो, "लो बेओ." म्हणजे, मी त्याला बघतो. मग पातेलं पुढे येतं. माणूस नामपूरचा, घरी अहिराणी बोलणारा. पण आमच्या कॉलनीत सरांच्या खालोखाल त्याचंच स्पॅनिश.

सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. लेक स्पेनमध्ये, जावई तिकडचाच, आणि सहा वर्षांची नात मिया तिकडचंच बोलते. तिच्याशी बोलायचं म्हणून सर जुन्या इंग्रजी व्याकरणातलं एकेक वाक्य स्पॅनिशमध्ये करत सुटले आणि मला-तुला-त्याला या धड्यात रुतले.

"वहिनी, इंग्रज आधी बघतो, मग कुणाला ते सांगतो. स्पॅनिश माणूस आपल्यासारखा. आधी माणूस, मग काम!"

मला सांगून झालं की हेच सर भाजीवालीला सांगतात. पाण्याच्या टाकीच्या मीटिंगमध्येही सांगितलं. टाकी अजून गळते आहे.

मी पोट धरून हसले. पण मी कोण हसणारी? नव्या नवरीच्या तोऱ्यात रेशन ऑफिसात गेले होते. कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं, तर मी लाजून पंख्याकडे बघत राहिले. शेवटी रांगेतल्या बाईने सांगितलं. तिला माझ्या नवऱ्याचं नाव कसं ठाऊक, या संशयात मी आठवडाभर जेवले नाही. आता यांना मी खुशाल नावाने हाक मारते. हे दचकतात.

सरांच्या सुशीलाताई मात्र शेवटपर्यंत जुन्या वळणाच्या. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मियाशी तासभर शुद्ध मराठीत बोलायच्या, ती खिदळायची. गेल्या वर्षी त्या गेल्या. तेव्हापासून मिया सरांना "ओला", म्हणजे तिकडचा नमस्कार, म्हणते आणि पळते. तिने मिनिटभर बसावं, एवढंच सरांचं मागणं.

परवाच्या रविवारी सरांच्या हातात वाक्यांची वही होती म्हणून मोबाईल मी धरला. वाक्य आठवडाभर घोकलेलं: "ते एस्पेरो." मी तुझी वाट बघतो.

मिया दिसली. सर घोकलेलं वाक्य वहीत पुन्हा बघू लागले. ती निघालीच.

"अगं, थांब की!" माझ्याच तोंडून गेलं.

मराठी ऐकून पोरगी गर्रकन वळली, पडद्याला नाक लावलं आणि ठसक्यात म्हणाली, "अहो! चहा झाला!"

मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, आई कॉल चालू असताना तुम्हाला अशीच हाक मारायची ना? हिला वाटतं, तुमचं नावच 'अहो' आहे. मिया, आजोबा म्हण!"

"राहू दे गं," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, "आलो, आलो."

आणि खरंच उठून आत गेले. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. मोबाईल माझ्या हातात तसाच.

मिया कुठेही पळाली नाही. हनुवटी हातावर टेकवून, सर गेले त्या दाराकडे बघत बसून राहिली.