पुलाचा मधला भाग कोणाचा?

एका जंगलात, मुलांनो, एक तापट ओढा होता. दर पावसाळ्यात त्यावरचा पूल वाहून जायचा, आणि दरवर्षी नवा बांधावा लागायचा.

बांधणारे तिघं. घूस खड्डे खणायची, वानर ओंडके आणायचा, सुगरण वेलींच्या गाठी मारायची. काम करताना तिघं कडाकडा भांडायचे.

"खड्डा जरा अलीकडे घे."

"तुझा ओंडकाच आखूड आहे."

"आखूड तुझी अक्कल."

भांडण संपेपर्यंत पूल उभा असायचा.

एका वर्षी सिंहमहाराजांनी कोल्ह्याला सल्लागार नेमलं. कोल्हा शहरात राहून आला होता. म्हणजे सर्कशीच्या पिंजऱ्यात, पण हे त्याने सांगितलं नव्हतं.

"महाराज, इतका गोंगाट होतो, म्हणजे रचनाच चुकली आहे," तो म्हणाला.

मग तीन विभाग झाले. खड्डे विभाग एका टेकडीवर, लाकूड विभाग दुसरीवर, गाठी विभाग दूरच्या वडावर. प्रमुख म्हणून अस्वल, तरस आणि मोर. घुशीने वानराशी बोलायचं नाही. घुशीने अस्वलाला सांगायचं, अस्वलाने कोल्ह्याला, आणि कोल्ह्याने सवडीने तरसाला.

जंगल शांत झालं. महाराजांना दुपारची झोप लागू लागली.

पूल वेळेवर झाला. खांब ताठ, गाठी देखण्या. फक्त दोन्ही काठांवरून निघालेले ओंडके मधे एकमेकांना भेटलेच नाहीत.

त्यातच पाणी चढलं. पलीकडे एक हरिणी पाडसासह अडकली.

"मधे काहीच नाही हो," ती ओरडून म्हणाली.

"प्रत्येक विभागाचं काम पूर्ण आहे," कोल्हा म्हणाला. "मधला भाग कुणाच्याच विभागात येत नाही."

"मग आम्ही बुडायचं?"

"त्याला बुडीत विभाग लागेल. महाराजांच्या कानावर घालतो."

पाणी पाडसाच्या पोटाला लागलं. तेव्हा घूस, वानर आणि सुगरण कुणालाही न विचारता धावले. एकमेकांची आई-आजी काढत त्यांनी मधली फट सांधली. आधी पाडस आलं, मागून हरिणी.

त्या कलकलाटाने महाराज जागे झाले.

"जोडकाम विभाग हवा, हे मी केव्हाच ओळखलं होतं, महाराज," कोल्हा म्हणाला आणि त्या विभागाचा प्रमुख झाला.

तिघांनी तिथे काम मागितलं. त्यांना जोडकामाचा अनुभव नव्हता, म्हणून मिळालं नाही. परवानगीशिवाय बोलल्याबद्दल त्यांना आणखी लांबच्या टेकड्यांवर पाठवलं, ते वेगळंच.

तात्पर्य: एकीचं बळ फार मोठं असतं. म्हणूनच ते बळ काम करणाऱ्यांच्या हाती लागू देऊ नये.